तीन ढोल, सहा तोंडं

मातान्सास, क्युबा

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

तू फोनवर विचारलं होतंस, "आफ्रिकेचे ढोल तिथं जसेच्या तसे टिकलेत म्हणतात, खरं का?" मी घाईत "हो" म्हणून मोकळा झालो. त्यानंतर तीन आठवडे इथं एका म्हाताऱ्या वादकाच्या अंगणात रोज बसतोय. आता नीट सांगतो.

इथल्या ढोलांना बाता म्हणतात. तिघांचा संच असतो. प्रत्येकाची दोन्ही तोंडं मढवलेली, एक मोठं, एक लहान. आपल्या पखवाजासारखा आडवा मांडीवर घेऊन वाजवायचा. सर्वांत मोठी इया, म्हणजे आई. मधला इतोतेले, धाकटा ओकोंकोलो. मोठ्या तोंडाला म्हणतात एनू. योरुबात, म्हणजे या ढोलांच्या मूळ माणसांच्या नायजेरियाकडच्या भाषेत, त्याचा अर्थही तोंडच. आणि बंडू, इयाच्या एनूवर एक चिकट लेप थापलेला असतो, आवाज खोल यावा आणि फुटका घुमार राहू नये म्हणून! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुझा पखवाज आणि डाव्या पुडीवर कणीक थापणारा तुझा हात डोळ्यांसमोर आला. दोन्हींचं नातं मी जोडत नाही. कातड्याला वजन दिलं की ते खाली बोलतं, हे दोन्हीकडच्या हातांना कळलं, एवढंच.

आता मूळ गोष्ट. नायजेरियाकडचं योरुबांचं ओयो राज्य मोडलं, त्या लढायांत धरलेली योरुबा माणसं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जहाजांतून इथं आणून उसाच्या मळ्यांवर जुंपली. ढोल बरोबर आणणं कुठून शक्य होतं! हवानात १८३०च्या सुमारास आन्याबी आणि आतांदा या दोघांनी पहिला विधिपूर्वक संच घडवला, असं वादकांच्या परंपरेत सांगतात. ढोलात वसणाऱ्या देवतेला आन्या म्हणतात. ती स्थापलेल्या ढोलांना दीक्षा न घेतलेल्याने हात लावायचा नाही. मी शिकतो ते बिनदीक्षेचे, आबेरिकुला. हा नियम मला मनापासून पटला.

योरुबा भाषेत सुराचे तीन स्तर असतात, उंच, मधला, खालचा. सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. म्हणून नायजेरियातली मोठी बाता खरोखर बोलते. देवाची स्तुती, एखाद्या घराण्याचं नाव, सगळं ढोलावर म्हणता येतं आणि जाणकाराला कळतं. क्युबात मात्र पिढ्या गेल्या, घरात स्पॅनिश आली, योरुबा उरली ती देवाच्या गाण्यांत. मी माझ्या म्हाताऱ्या वादकाला, त्यांना मी आजोबा म्हणतो, एका ओळीचा अर्थ विचारला, तर ते म्हणाले, "ही एलेग्वा देवाची, सुरुवातीला म्हणायची." शब्द सुटे करून त्यांना सांगता येईना. पण हात? हातांनी त्या वाक्यांचा चढउतार धरून ठेवलाय. ज्यांना बोलू दिलं नाही त्यांच्या नातवंडांनी बोलण्याची चाल जपली, हे मला फार मोठं वाटतं, आणि लिहितानाही घसा दाटतो.

परवा मी त्यांना फोनवर नायजेरियातल्या बाताचं रेकॉर्डिंग ऐकवलं. तिकडे वादक ढोल गळ्यात अडकवून उभे असतात, लहान तोंडावर चामड्याच्या पट्टीने मारतात, गतही कितीतरी जलद. आजोबा बराच वेळ नुसते ऐकत राहिले. मग एक जागा पुन्हा लावायला सांगितली, आणखी पुन्हा. तिथं आई मोठं काहीतरी सांगत होती आणि धाकटे आपली चाल सोडत नव्हते. त्यांनी इया मांडीवर ओढली आणि हळूच त्याच जागी थाप दिली. मला ओकोंकोलो धरायला लावला. माझ्या वाट्याला दोनच आघात, तेच ते. चाल माझ्या ढोलात नव्हतीच, ती तिघांच्या सहा तोंडांत मिळून होती. हे पुस्तकात वाचलं होतं. अंगात त्या दिवशी उतरलं.

उलटा प्रवासही झालाय. काँगोकडून आलेल्यांच्या ढोलांपासून इथं कोंगा घडला. इथं त्याला तुंबादोरा म्हणतात. १९३०च्या दशकापासून क्युबातल्या गाण्यांच्या तबकड्या आफ्रिकेत विकल्या जाऊ लागल्या. काँगोतल्या लोकांनी त्या ऐकल्या आणि ही आपलीच चाल म्हणून उचलल्या, गिटारवर चढवल्या. त्यातून काँगोची रुंबा ही संगीताची शैली उभी राहिली. युनेस्कोच्या यादीत क्युबाची रुंबा २०१६ साली गेली, काँगोची २०२१ साली. म्हणून म्हणतो, "टिकलं का" हा प्रश्न अपुरा आहे. गेलं, बदललं, परत आलं, आणि घरच्यांनी ओळखलं.

एक काम कर. आजोबांना मी कणकेबद्दल सांगितलं, त्यांना ते खरंच वाटेना. पखवाजाचा व्हिडिओ पाठव. आधी डाव्या पुडीवर कोरडी थाप, मग कणीक लावून तीच थाप. फोन पुडीच्या जवळ ठेव, आवाज स्वच्छ यायला हवा. मी रविवारी पुन्हा त्यांच्याकडे जाणार आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना