कणखर कोण, मऊ कोण

खडकी, पुणे

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर "हल्लीची हॉकीची पोरं मऊ रे, टर्फवरची, त्या कृत्रिम गालिच्यावरची" असं ठोकून दिलंस आणि मी तोंड उघडायच्या आत "पान वाढलंय" म्हणून फोन ठेवलास. ते काही मला पचलेलं नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. इथे तुला मधे तोंड घालता येणार नाही.

आधी तुझीच बाजू मांडतो. मेलबर्नचं ऑलिंपिक, 1956. कर्णधार बलबीरसिंग. पहिल्याच सामन्यात अफगाणिस्तानवर आपण चौदा गोल चढवले, त्यातले पाच त्याचे, आणि त्याच सामन्यात त्याच्या उजव्या हाताचं बोट मोडलं. संघाने ही गोष्ट बाहेर फुटू दिली नाही. बलबीर धडधाकट आहे असं समोरच्यांना वाटत राहिलं, तर त्याच्यावर दोन-दोन माणसं लागणार आणि बाकीच्यांना मोकळं रान मिळणार, असा हिशेब. शेवटी पाकिस्तानसमोर अंतिम सामन्यात गडी मोडक्या बोटानिशी उभा राहिला आणि आपण 1-0 जिंकलो. हॉकीत उजवा हात दांड्यावर खाली असतो, प्रत्येक फटक्याचा हादरा आधी त्याच हाताला बसतो, हे तुला सांगायला नको. तुझी जिरवण्यासाठीसुद्धा मी बलबीरला कमी लेखणार नाही.

पण त्याच सामन्यात आपल्या गोलात कोण होतं, आठवतं? शंकर लक्ष्मण. महूचा माणूस, नोकरी मराठा लाइट इन्फंट्रीत. 1964 ला टोकियोत पुन्हा पाकिस्तान, पुन्हा 1-0, पुन्हा गोलात हाच. तोंडावर जाळी नाही, डोक्यावर हेल्मेट नाही, पायाला पॅड आणि बाकी सगळं देवावर हवाला. 1966 च्या बँकॉक एशियाडला तो कर्णधार होता, गोली असून कर्णधार, आणि सुवर्ण घेऊन आला. आणि 2006 मध्ये महूलाच पायाच्या गँगरीनने गेला. हलाखीत गेला. ऑलिंपिकच्या दोन-दोन फायनलमध्ये पाकिस्तानला एक गोल करू दिला नाही, त्या माणसाचा पाय सडला आणि आपल्यासारख्या आठवणींचे फड रंगवणाऱ्यांनी ते पेपरात चार ओळींत वाचलं.

म्हणून तुझं ते "काय कणखर माणसं होती" ऐकलं की माझं डोकं फिरतं. कणखर होतीच. पण आपण ज्याला कणखरपणा म्हणून मिरवतो, त्यातला निम्मा नाइलाज होता, लेका. हेल्मेट नाकारून कुणी उभं राहत नव्हतं, ते मिळतच नव्हतं. फिजिओ नव्हता म्हणून सुजलेल्या घोट्याला हळद लावून माणूस उतरायचा. आपलंच बघ. मुरमाच्या मैदानावर चेंडू कुठून कसा उसळेल याचा नेम नाही, शिनगार्ड घ्यायची ऐपत नाही, म्हणून मोज्यात वहीचे पुठ्ठे घालून खेळायचो. चेंडू नडगीवर बसला की डोळ्यांपुढे काजवे. घरी बाबांना दिसू नये म्हणून भर उन्हाळ्यात फुल पँट. त्याला आता आपण शौर्य म्हणायला लागलोय.

स्टिकचं तर बोलूच नकोस. मूठ आणि दांडा जिथे जोडलेले असतात तिथे ती फाकायची. मग त्यात फेव्हिकॉल भरायचा, सुतळी घट्ट आवळून रात्रभर ठेवायची, आणि सकाळी सुतळीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची. अशी स्टिक जड होते, तोल बिघडतो, आणि नेमका पेनल्टी कॉर्नरला, गोल करायच्या हुकमी संधीलाच तिचा जोड सुटतो. धनराज पिल्लेही याच खडकीतला, अशाच मोडक्या, दोरीने बांधलेल्या स्टिकवर शिकलेला. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानावर ग्राउंड्समन. तो चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला, हे सगळं जग सांगतं. मला आठवतं ते 1998. बँकॉकचं एशियाड, शंकर लक्ष्मणच्या त्या सुवर्णानंतर तब्बल बत्तीस वर्षांनी आपलं हॉकीतलं सुवर्ण, कर्णधार धनराज. आणि लगेच पुढच्या दौऱ्याच्या संघातून धनराजसकट जिंकून आलेल्यांतले कितीतरी जण वगळले. "विश्रांती" दिली म्हणे! नडगीवरचा मार हळदीने उतरतो, याला कुठली हळद लावायची?

आता तुझ्या मऊ पोरांकडे येतो.

मध्यंतरी नेहरूनगरला, पिंपरीच्या ध्यानचंद स्टेडियमवर गेलो होतो. सामना नव्हता, पोरांचा सराव चालला होता, पेनल्टी कॉर्नरचा. मी मुद्दाम गोलाच्या मागच्या जाळीपाशी जाऊन उभा राहिलो. गोली आणि चार बचाववाले गोलरेषेच्या मागे. तोंडाला मुखवटे, गुडघ्याला जाड पॅड, डाव्या हातात फुगीर ग्लोव्ह. चेंडू रेषेवरून ढकलला की पहिला रशर, म्हणजे अडवायला धावणारा, सुटतो, आणि तो पळतो कुठे? सरळ ड्रॅगफ्लिक मारणाऱ्याच्या, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन झटक्याने गोलात भिरकावणाऱ्याच्या अंगावर. चेंडू अडवायला स्टिक लागली तर ठीक, नाहीतर अंग आहेच. समोरून येणारा चेंडू मोठ्या स्पर्धांत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे असतो. इथली पोरं सतरा-अठराची, वेग त्याहून कमी असेल, तरी माझ्यासमोर एकाच्या मांडीवर बसला तो आवाज मला जाळीमागे ऐकू आला. पोरगा खाली बसला, दोनदा मांडी चोळली, उठला, आणि पुन्हा जाऊन रेषेमागे उभा राहिला. पहिला रशर म्हणूनच! कोचने नावसुद्धा घेतलं नव्हतं.

आपल्या वेळी कॉर्नर व्हायचा तेव्हा चेंडू आधी हाताने थांबवायचे, मग सणसणीत फटका. भीती होतीच. पण असं माणसाने चेंडूच्या वाटेत जाऊन पडायचं, हे रोजचं काम नव्हतं. हे या पिढीचं आहे. आपला अमित रोहिदास वर्षानुवर्षं हेच करत आलाय. आणि तो नसताना काय झालं तेही तू पाहिलंस. पॅरिस, 4 ऑगस्ट 2024, ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. सतराव्या मिनिटाला त्याला लाल कार्ड. उरलेली चाळीसच्या वर मिनिटं दहा जण पळाले. 1-1 वर रोखून धरलं, मग शूटआउटमध्ये 4-2. गोलात श्रीजेश. त्या दिवशी तूच मला फोन करून ओरडत होतास, आवाज बसला होता तुझा. ते मऊ?

संदीपसिंगचं फक्त नाव काढतो. 2006 मध्ये शताब्दीत बंदुकीतून चुकून सुटलेली गोळी लागली, विश्वचषक तोंडावर, पायातली शक्ती गेलेली. तोच 2009 ला अझलन शाह चषक जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार, आणि 2012 ला दिल्लीत ऑलिंपिक पात्रतेच्या फायनलमध्ये फ्रान्सवर पाच गोल.

टर्फबद्दल तुझा राग मात्र मला मान्य आहे. 1975 च्या मार्चमध्ये आपण जगज्जेते, आणि 1976 ला माँट्रियलमध्ये ऑलिंपिकचं हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर गेलं तर आपण थेट सातवे. पोरांनी मुरमावर, गवतावर शिकायचं आणि परीक्षा द्यायची गालिच्यावर, हा अन्याय होता आणि तो वर्षानुवर्षं चालला. पण त्याचा राग त्या टर्फवर गुडघ्याची सालटी काढून घेणाऱ्या पोरांवर कशाला?

आणि 1975 म्हटलं की माझ्याही डोळ्यांत पाणी येतंच. ती मलेशियाविरुद्धची सेमीफायनल. आपण एका गोलाने मागे, शेवटची पाच-सहा मिनिटं, आणि बाकावरून असलम शेरखानला आत पाठवलं. त्याने गळ्यातला ताईत चुंबला आणि पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली. जादा वेळेत हरचरणसिंगने जिंकून दिलं. संघाचा मॅनेजर कोण? तोच बलबीरसिंग, मोडक्या बोटाचा. मग पाकिस्तानवर 2-1, अशोककुमारचा तो गोल. तुमच्या ओट्यावरच्या ट्रान्झिस्टरची बॅटरी संपत आली होती म्हणून तुझ्या दादाने ती काढून दाताखाली चावली आणि परत घातली.

मला विचारशील तर मी हळहळतो ते वेगळ्याच गोष्टीसाठी. चर्चगेटला बॉम्बे गोल्ड कप बघायला जायचो तेव्हा आपण रेषेला खेटून उभे असायचो. खेळाडूंच्या शिव्या ऐकू यायच्या, त्यातल्या बांद्र्याच्या कोकणी शिव्या तर तू पाठच केल्या होत्यास. ऑलिंपिक खेळलेला माणूस सामना संपल्यावर तिथेच बुटाची नाडी सोडत बसायचा आणि आपल्याशी बोलायचा. आता श्रीजेशचा बचाव मी मोबाइलवर पन्नासदा बघतो, पण त्याच्या पॅडवर चेंडू आदळल्याचा खरा आवाज कानावर पडलेला नाही. पिंपरीला जाळीमागे उभा राहिलो तो बहुतेक त्या आवाजासाठीच.

तर आता माझं ऐक. पुढच्या महिन्यात ये. वहिनींना घेऊन ये, त्यांच्या आणि आमच्या हिच्या गप्पा होतील, आपण सकाळी नेहरूनगर गाठू. बसायला पायऱ्या आहेत, पण तुला मी बसू देणार नाही, जाळीमागे उभा करणार. गुडघा दुखतो वगैरे सांगू नकोस. तू एवढा जुन्या काळातला कणखर गडी.

आणि हो, माझी ती ट्यूब गुंडाळलेली स्टिक तुझ्याकडे माळ्यावर आहे. ती येताना आण. कित्येक वर्षं मागतोय.

तुझा,
अनंता