ऑनलाइन डॉक्टरेटचे शुल्क परत मिळण्याबाबत

दिनांक : ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : 'डॉक्टर ऑफ एज्युकेशन (शैक्षणिक नेतृत्व)' या ऑनलाइन अभ्यासक्रमाचे शुल्क परत करणे व उर्वरित हप्ते थांबवणे.

महोदय,

मी बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. १४ जुलै २०२४, रविवार. आपल्या कंपनीच्या समुपदेशकांचे त्या दिवशी मला चार फोन आले. चौथ्या फोनवर मी सरळ विचारलं, ही पदवी इथे चालते का? उत्तर मिळालं, "मॅडम, अमेरिकेतली आहे, जगभर चालते. तीन वर्षांत नावामागे डॉक्टर लागेल." बीड त्या जगात येतं का, हे विचारायचं राहून गेलं. २५,००० रुपये नोंदणी शुल्क त्याच संध्याकाळी भरलं.

मागच्या महिन्यात सेवापुस्तकात नोंद व्हावी म्हणून मी कागदपत्रं घेऊन जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात गेले. तिथल्या वरिष्ठ लिपिकांनी माहितीपत्रक उलटसुलट पाहिलं आणि ऑक्टोबर २०२२ची सूचना मोबाइलवर काढून दाखवली. परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून एडटेक (ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या) कंपन्या देत असलेल्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही, असं विद्यापीठ अनुदान आयोग आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने त्यात संयुक्तपणे बजावलं आहे. आपण मला फोन केलात तेव्हा ही सूचना पावणेदोन वर्षं जुनी होती. माझं अज्ञान मी मान्य करते. पण आपला धंदाच हा आहे, आपल्याला ती माहीत नव्हती असं कसं मानायचं?

हे मी कळवल्यावर आपल्या ग्राहक सेवेचं उत्तर आलं की ही पीएच.डी. नाही, ईडी.डी. म्हणजे डॉक्टर ऑफ एज्युकेशन आहे, म्हणून सूचना लागू होत नाही. मग आपल्याच माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर 'पीएच.डी.समकक्ष' कुणी छापलं? ईडी.डी. ही अमेरिकेत मान्य, जुनी पदवी आहे, शाळा चालवणाऱ्यांनी आपल्याच शाळेतल्या अडचणीचा अभ्यास करावा यासाठीची. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. उलट त्याचसाठी मी नाव घातलं होतं.

माझा विषय ठरलेला होता. दिवाळीच्या आसपास आमच्या गावातली कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि हजेरीपट विरळ होत जातो. काही मुख्याध्यापक पालकांना समजावून मुलं हंगामी वसतिगृहात ठेवतात, काहींना ते जमत नाही. असं का होतं, ते मला शोधायचं होतं. आपण दिलेल्या मार्गदर्शकांशी चौदा महिन्यांत माझं दोनदा बोलणं झालं, दोन्ही वेळा वीस मिनिटांच्या आत. पहिल्या वेळेचा निम्मा वेळ ऊसतोड म्हणजे काय हे सांगण्यात गेला. दुसऱ्या वेळी त्यांनी 'कोरोनानंतरचं डिजिटल नेतृत्व' हा विषय सुचवला आणि तयार प्रश्नावली पाठवली. मुलांच्या मुलाखती घ्यायच्या तर नैतिक परवानगी कोणती समिती देते, असं विचारलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

बाकी सगळी ध्वनिचित्रफितींची रास. त्यांत अमेरिकेतले सुपरिंटेंडंट आणि स्कूल बोर्ड आहेत, मुख्याध्यापकाने शिक्षक कसे निवडावेत यावर अख्खा भाग आहे. इथे संच मान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून ठरणाऱ्या शिक्षकपदांच्या मंजुरीत, एक पद कमी झालं की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि मुख्याध्यापक सह्या करत बसतो. आमच्यासारख्यांना विकण्याआधी अभ्यासक्रम कुणी एकदा पाहायला हवा होता.

त्या लिपिकांनीच पुढे सांगितलं की आयोगाच्या २०२२च्या पीएच.डी. नियमावलीप्रमाणे नोकरी सांभाळून, कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन, विद्यापीठात रीतसर अर्धवेळ पीएच.डी. करता येते. हे त्या चार फोनांत कुणी बोललं नाही.

हिशेब असा. नोंदणीचे २५,००० आणि ऑगस्ट २०२४पासून दरमहा ११,५०० प्रमाणे चौदा हप्ते, एकूण १,८६,००० रुपये. हे हप्ते आपण जोडून दिलेल्या वित्त कंपनीच्या कर्जाचे आहेत. त्यावर सही करताना 'ही नुसती औपचारिकता' असं सांगण्यात आलं होतं. अजून दहा हप्ते बाकी आहेत.

ही सगळी रक्कम मला परत करावी, उरलेलं कर्ज आपण फेडून त्याचं बेबाकी प्रमाणपत्र द्यावं आणि 'आमचे संशोधक' म्हणून जाहिरातीत लावलेला माझा फोटो आजच काढावा. फोटो आधी काढा. तो पाहून आमच्याच केंद्रातल्या, म्हणजे शेजारच्या शाळांतल्या, दोन शिक्षिका मला फी विचारत होत्या.

ई-कॉमर्स नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण देणं आपल्यावर बंधनकारक आहे. नाही झालं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बीडच्याच जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावेन. ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. आपल्या माणसांना तारखेला इथे यावं लागेल.

सोबत : पावत्या, माहितीपत्रकाचं दुसरं पान, समुपदेशकांचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश, कर्जाच्या कराराची प्रत.

आपली,
तक्रारदार विद्यार्थिनी
(नोंदणी क्रमांक पावतीवर आहे)