गोलरक्षकाचा पास त्याच्या एकट्याचा नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर सध्या फुटबॉलमधील गोलरक्षकांच्या पासिंगविषयी बरेच लिहून येत आहे. अमक्याचे इतके टक्के पास अचूक, तमक्याचे त्याहून कमी, तेव्हा दुसऱ्याला बसवून पहिल्याला खेळवावे, असा त्या लिखाणाचा एकंदर सूर असतो. हौशी खेळाडू म्हणून कित्येक वर्षे गोलपोस्टमध्ये उभा राहिलो असल्यामुळे या टक्केवारीवर संघातली जागा ठरावी, हे मला पटत नाही.

गोलरक्षकाला पाय हवेत, याबद्दल वाद नाही. ती गरज नियमांनीच निर्माण केली आहे. १९९० च्या विश्वचषकात सामन्यामागे सरासरी सव्वादोन गोलही झाले नाहीत. आघाडी मिळाली की चेंडू मागे द्यायचा, गोलरक्षकाने तो उचलायचा आणि वेळ काढायचा, हा उद्योग तेव्हा राजरोस चाले. १९९२ मध्ये, सहकाऱ्याने हेतुपुरस्सर पायाने दिलेला चेंडू हातात घेण्यास गोलरक्षकाला मनाई झाली. पुढे २०१९ मध्ये गोलकिकचा, म्हणजे गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करताना मारायचा, चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर (गोलरक्षकाला हात वापरता येतात त्या गोलपुढच्या चौकटीबाहेर) जाण्याची अटही गेली आणि बचावपटू गोलरक्षकाच्या अगदी शेजारी उभे राहून चेंडू घेऊ लागले. तेव्हापासून संघाची चाल खऱ्या अर्थाने गोलरक्षकापासून सुरू होते. मात्र चाल त्याच्यापासून सुरू होते म्हणून ती फसल्यावर दोषही त्याचाच, हा हिशेब चुकीचा आहे.

मैदानावर प्रत्यक्षात काय घडते, ते पाहावे. चेंडू गोलरक्षकाच्या पायाशी आहे. प्रतिस्पर्धी आघाडीपटू त्याच्यावर सरळ धावून येत नाही, तो वळसा घेत येतो, म्हणजे उजवीकडचा बचावपटू आपोआप त्याच्या पाठीमागे झाकला जातो. गोलरक्षक तळपाय चेंडूवर ठेवून थांबतो. प्रेक्षकांना हा थांबा धोक्याचा वाटतो, पण तो मुद्दाम घेतलेला असतो, कारण आघाडीपटू जवळ आल्याशिवाय दुसरे कोणी मोकळे होत नाही. या क्षणी बचावात्मक मध्यरक्षक दोन पावले बाजूला सरकून, अंग अर्धे वळवून चेंडू मागायला आला, तर पास सोपा असतो. तो प्रतिस्पर्ध्याच्या आडोशालाच उभा राहिला, तर चेंडू उंच मारण्यावाचून गत्यंतर नसते. तो उंच चेंडू टचलाइनबाहेर गेला की चुकीचा पास गोलरक्षकाच्या नावावर जमा होतो. मध्यरक्षक आडोशाला उभा होता, याची नोंद कुठल्याही रकान्यात होत नाही.

याची उलट बाजूही मी अनुभवली आहे. एका सामन्यात दडपणाखाली मी डाव्या बचावपटूला चेंडू दिला, तोही नेमका त्याच्या कच्च्या पायावर, आणि शिवाय त्याची पाठ मैदानाकडे असताना. चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचला, त्याला तो आवरला नाही आणि चार सेकंदांत आमच्यावर गोल झाला. आकडेमोड करणाऱ्याने त्याला अचूक पासच म्हटले असते. शेजारच्या बचावपटूला दिलेला पाच मीटरचा पास आणि दोन आघाडीपटूंच्या डोक्यावरून चाळीस मीटरवर उतरवलेला पास ज्या हिशेबात सारखे धरले जातात, त्यावर कोणाची जागा ठरू नये.

मँचेस्टर सिटीचे उदाहरण या चर्चेत नेहमी दिले जाते, पण अर्धवट दिले जाते. २०१६ मध्ये सिटीचे प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला यांनी गोलरक्षक जो हार्टला इटलीतल्या तोरिनो संघाला उसने पाठवले आणि पायाने उत्तम खेळणाऱ्या क्लाउडिओ ब्राव्होला बार्सिलोनाहून आणले. त्याच ऑक्टोबरात बार्सिलोनाच्याच मैदानावर ब्राव्होने पेनल्टी क्षेत्राबाहेर येऊन चेंडू थेट प्रतिस्पर्धी आघाडीपटू सुआरेझच्या पायात दिला, त्याचा फटका क्षेत्राबाहेरच हाताने अडवला, लाल कार्ड घेतले आणि सिटीने सामना ४-० असा गमावला. ब्राव्होचे पाय दोन महिन्यांत बिघडले नव्हते, त्याच्याभोवतीचा संघ अजून घडायचा होता. २०१७ मध्ये गोलरक्षक म्हणून एडरसन आला आणि पुढे त्याच्या एका लांब पासवर सिटीच्याच गुंडोआनने टॉटनहॅमविरुद्ध गोल केला, तेव्हा गोलरक्षकाच्या पायांची वाहवा झाली. ती योग्यच होती, पण तो पास पडण्याआधी बचावफळीमागे धाव घेणारा गुंडोआन होता, हेही लक्षात घ्यावे. विशेष म्हणजे २०२५ मध्ये एडरसन गेल्यावर याच ग्वार्डिओला यांनी डोन्नारुम्माला घेतले, ज्याची ख्याती पायांची नसून हातांची आहे. त्याच वर्षी चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकलेल्या पीएसजी या त्याच्या पॅरिसच्या संघाने तर त्याला वेगळ्या प्रकारचा गोलरक्षक हवा म्हणून बाजूला केले होते. एकाच गोलरक्षकाविषयी दोन मोठ्या संघांचे इतके भिन्न मत होत असेल, तर पासिंगचे मोल संघागणिक बदलते, एवढे तरी मान्य करावे लागेल.

मँचेस्टर युनायटेडची गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. २०२२-२३ च्या प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक १७ क्लीन शीट राखणाऱ्या, म्हणजे तितक्या सामन्यांत एकही गोल होऊ न देणाऱ्या, गोलरक्षक डे हेआला निरोप मिळाला आणि पायाने सरस म्हणून ओनानाला इंटर मिलानहून आणण्यात आले. पुढच्या चॅम्पियन्स लीगमध्ये युनायटेड गटात तळाला राहिला आणि ओनानाच्या ज्या चुकांवर टीका झाली, त्यांतल्या बऱ्याच ठळक चुका पासच्या नव्हत्या. गलातासरायविरुद्ध फ्री किकवरचे दोन फटके त्याच्या हातून निसटले होते.

जाता जाता आणखी एक. २०१४ च्या विश्वचषकात अल्जीरियाविरुद्ध जर्मनीचा गोलरक्षक मॅन्युएल नॉयर वारंवार पेनल्टी क्षेत्राबाहेर धावून आला, तो खेळ पासिंगचा दाखला म्हणून दिला जातो. ते धाडस होते आणि धोका आधी ओळखण्याची नजर होती. हा वेगळा गुण आहे आणि तो पासच्या टक्केवारीत दिसत नाही.

निवड करताना गोलरक्षकाचे हात आधी पाहावेत, फटका अडवणे आणि कॉर्नरवरचा चेंडू गर्दीतून उचलणे याला पहिला मान द्यावा. पायांचा विचार, संघ त्या पायांचा उपयोग कसा करणार आहे, हे ठरल्यावर करावा. आपल्या क्रीडा विभागाला माझी विनंती आहे की, पासची टक्केवारी छापायचीच असेल तर त्यांपैकी किती पास प्रतिस्पर्धी अंगावर येत असताना दिले आणि किती लांबीचे होते, हेही शेजारी छापावे. शक्य झाल्यास फसलेल्या एखाद्या पासचे, उरलेले दहा जण नेमके कुठे उभे होते ते दाखवणारे छायाचित्रही द्यावे.

आपला,
एक वाचक