पेटंटची मोजपट्टी अपुरी

महानगरांची नवनिर्मितीक्षमता पेटंटच्या संख्येवरून ठरवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. हा निकष मला मान्य नाही. पेटंटच्या अर्जावर बहुधा कंपनीच्या मुख्यालयाचा पत्ता असतो, त्यामुळे प्रत्यक्ष काम कुठेही झाले तरी श्रेय बंगळूरसारख्या महानगराच्या खात्यात जमा होते. शिवाय १९७० च्या पेटंट कायद्याने मिळणाऱ्या २० वर्षांच्या हक्काच्या बदल्यात शोध उघड करावा लागतो, आणि लहान कारखानदाराला ते, वकिलाच्या खर्चासह, परवडत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या फाउंड्रीत (धातू ओतण्याच्या कारखान्यात) ओतीव भागांत हवेची छिद्रे राहू लागली, तेव्हा साच्यावरच्या जुन्या कारागिराने वाळूतली ओल कमी करून आणि वायू निसटण्याच्या वाटा बदलून ती थांबवली. ही सुधारणा कोणत्याच नोंदवहीत नाही. मग क्रमवारीत बेळगाव दिसणार कसे?

— एक लघुउद्योजक, बेळगाव