दम तुम्हाला लागलाच नव्हता, दादा

ऐहोळेला मेगुतीच्या टेकडीवर भेटलेल्या दादांना,
सप्रेम नमस्कार.

तुमची मराठी कन्नड वळणाची, पण अगदी नीट कळणारी. म्हणून मराठीतच लिहितेय.

आमच्या सहलीची जाहिरात होती 'ज्येष्ठांसाठी खास'. विजापूर, बदामी, ऐहोळे, पट्टदकल, हंपी. विजापूरला गोलघुमटाच्या जिन्यापाशीच माझ्या बाबांना ऐकवलं, "आजोबा, तुम्ही खालीच बसा." बदामीला तिसऱ्या लेण्याकडे चढत होतो तोच खालून गाडीचा हॉर्न. तिथला इ.स. ५७८ चा लेख न बघताच बाबा उतरले. (जेवायला मात्र वेळच वेळ.) ऐहोळेत दुर्ग मंदिर उरकलं आणि गाईडने जाहीर केलं, "वर काही नाही, एक मोडकं देऊळ आहे."

त्या मोडक्या देवळासाठी तर बाबा आले होते! इ.स. ६३४ चा कवी रविकीर्तीचा शिलालेख, सम्राट हर्षवर्धनाला अडवणाऱ्या चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती. ९९ हजार गावांची तीन महाराष्ट्रकं, म्हणजे तीन प्रदेश, त्याच्या हाती आली, हे त्यातच कोरलंय. रविकीर्ती स्वतःला कालिदास-भारवींच्या रांगेत बसवतो, म्हणून कालिदासाचा काळ ठरवतानाही याच दगडाची साक्ष काढतात. बाबांनी हे वर्गात जन्मभर शिकवलं, दगड कधी पाहिला नव्हता.

आम्ही दोघंच पायऱ्यांशी उभे होतो. तुम्ही आलात, "चला अज्जा" म्हणालात आणि निघालात. हात धरला नाहीत, 'जमेल का' विचारलं नाहीत. थोडं चढून तुम्हीच थांबलात. "थांबा हो, मला दम लागला." पुढे पुन्हा तेच. तुम्ही तिशीचेही नसाल, कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. बाबा मात्र खुशीत, "आजकालच्या पोरांत ताकदच नाही" म्हणत तुमच्यासाठी थांबत होते!

लेखाची भाषा संस्कृत, लिपी जुनी कन्नड. बाबांना एक अक्षर लागेना, पण श्लोक तोंडपाठ. ते मोठ्याने म्हणत राहिले आणि तुम्ही मध्ये एक शब्दही बोलला नाहीत. आपल्याकडे मदत करणारे पुष्कळ असतात, दादा, पण मदत घेणाऱ्याला लहान वाटू न देणारे फार थोडे. पैसे काढले तर तुम्ही हसून उतरायलाच लागलात.

पट्टदकलला राणी लोकमहादेवीने बांधवलेलं विरूपाक्षाचं मंदिर बघताना आणि नंतर थेट हंपीपर्यंत बाबा प्रत्येक पायरीशी "आता त्या पोराला दम लागला असता" म्हणायचे. त्यांना खरं काय ते कळलं होतं की नाही, मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

सहल कंपनीकडून 'आपला अभिप्राय कळवा' असा मेसेज आलाय. त्यात मी हेच पत्र चिकटवणार आहे.

तुमची,
अज्जांची मुलगी