मेंदू मृत झाल्यावरही हृदय का चालते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेंदूमृत व्यक्तीच्या नातेवाइकांनी अवयवदानाला संमती दिल्याच्या आणि ग्रीन कॉरिडॉरने हृदय दुसऱ्या शहरात पोहोचल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात नेहमी येतात. मात्र मेंदू मृत असताना हृदय चालू कसे, याचा खुलासा त्यांत क्वचितच असतो. अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम करताना नातेवाइकांकडून मी हाच प्रश्न वारंवार ऐकला. हात ऊबदार लागतो, मॉनिटरवर ठोके दिसतात आणि डॉक्टर म्हणतात की माणूस गेला. त्यावर कोणाचा विश्वास बसेल?

वास्तविक ठोका मेंदूत जन्मतच नाही. हृदयाच्या उजव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात, वरची महाशीर जिथे उघडते तिथे, सायनोएट्रिअल नोड हा विशिष्ट पेशींचा छोटासा पुंजका असतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन केले. या पेशींमध्ये सोडियमचे आयन सावकाश झिरपत राहतात, विद्युतदाब ठरावीक पातळीला पोहोचला की कॅल्शियम आत शिरते आणि संदेश सुटतो. तो अलिंदांत पसरतो, एव्ही नोड या मधल्या थांब्यापाशी सेकंदाचा सुमारे दहावा भाग रेंगाळतो आणि मग निलयांत, म्हणजे खालच्या कप्प्यांत, उतरतो. एवढ्या विलंबामुळेच निलये आकुंचन पावण्याआधी रक्ताने भरतात.

या पुंजक्याला मोकळे सोडले, तर तो मिनिटाला साधारण शंभर ठोके देईल. विश्रांतीत आपली नाडी सत्तरच्या आसपास राहते, कारण मस्तिष्कपुच्छातून, म्हणजे मेंदूच्या तळाच्या भागातून, निघालेली व्हेगस ही चेता (नस) ॲसिटिलकोलीन हे रसायन सोडून त्याचा लगाम सतत खेचून धरते. धावताना किंवा भीती वाटल्यास हा लगाम सैल होतो आणि अनुकंपी (सिम्पथेटिक) चेता वेग वाढवतात. चेता हे काम रसायनामार्फत करते, हे शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकांच्या दोन हृदयांवर दाखवून दिले. मेंदूमृत रुग्णाला ॲट्रोपिन दिले तरी ठोके वाढत नाहीत, कारण ज्या व्हेगसचा परिणाम ते औषध रोखते, तिचा उगमच निकामी झालेला असतो. प्रत्यारोपित हृदयाच्या चेताही तुटलेल्या असतात. त्यामुळे असा माणूस जिना चढू लागला की नाडी लगेच वाढत नाही, रक्तातून ॲड्रेनलिन पोहोचेपर्यंत वेळ जातो.

श्वासाचे तसे नाही. फुप्फुसांना स्वतःची लय नसते, श्वासाची आज्ञा मस्तिष्कपुच्छातूनच यावी लागते. म्हणून मेंदूमृताला व्हेंटिलेटर लागतो आणि तो काढला की ऑक्सिजनअभावी हृदयही काही मिनिटांत थांबते. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा ज्या चाचण्या करते, त्यांत व्हेंटिलेटर बाजूला करून रुग्ण स्वतः श्वास घेतो का, हे पाहतात ते याचसाठी.

अवयवदानाच्या प्रत्येक बातमीखाली एवढा खुलासा चार ओळींत छापावा, ही विनंती. रुग्णालयाच्या त्या बाकावर बसून, डोळ्यांत पाणी असताना तो पहिल्यांदा ऐकणे फार कठीण जाते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा