बदल कळतो, अंमलाची तारीख निसटते

मा. संपादक,

जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाल्या, तेव्हा ‘हातात पडणारा पगार घटणार’ अशा मथळ्यांची झोड उठली. एक हिशेब मांडून पाहू. एकूण पगार ४०,०००. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १४,०००. उरलेले २६,००० घरभाडे, प्रवास अशा वगळता येणाऱ्या भत्त्यांत. वगळलेली रक्कम एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाली की जास्तीचा भाग वेतनात, म्हणजे भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी ज्यावर मोजतात त्या रकमेत, मिसळतो. इथे ६,००० मिसळून वेतन २०,००० होते. भविष्य निर्वाह निधीची सक्तीची कपात मात्र १५,००० च्या मर्यादेपर्यंतच, म्हणजे १,६८० ऐवजी १,८०० रुपये. हातातल्या पगारात फरक पडला १२० रुपयांचा. खरी उडी आहे ग्रॅच्युइटीत, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या उपदानात: नोकरीच्या दर वर्षामागे ८,०७७ ऐवजी ११,५३८ रुपये. ज्या लेखा विभागाने फक्त मथळा वाचला, त्याने कर्मचाऱ्यांची समजूत काढली आणि ग्रॅच्युइटीसाठीची तरतूद वाढवायची राहून गेली.

कायदा बदलला हे पेरोल (पगार काढणाऱ्या) विभागाला कळत नाही, असे हल्ली सहसा होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दहा मिनिटांत कळते. निसटते ते दोन ठिकाणी: बदल कधीपासून आणि कोणाला.

किमान वेतनाचा विशेष भत्ता घ्या. महाराष्ट्रात तो ग्राहक किंमत निर्देशांकानुसार वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैपासून बदलतो. दर निघायला अनेकदा उशीर होतो, तोवर एक-दोन पगार होऊन गेलेले असतात. मग थकबाकी काढायची. इथे ठरलेली चूक म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये ‘चालू कर्मचारी’ निवडून हिशेब चालवणे. मधल्या काळात नोकरी सोडून गेलेल्यांनाही फरक देय असतो, त्यांची नावे त्या यादीत येतच नाहीत. दुसरी चूक अतिकालाची. अतिकाल दुप्पट दराने दिलेला असतो, तेव्हा दर वाढला की तोही वाढतो; पण थकबाकी फक्त हजेरीच्या दिवसांवर काढली जाते. तिसरी, थकबाकीवरचा भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा भरायचा राहतो, आणि तो नेमका तपासणीत सापडतो. शिवाय दर एकच नसतो. अनुसूचित रोजगार (यादीतला उद्योग), परिमंडळ (भौगोलिक क्षेत्र) आणि कुशल-अर्धकुशल-अकुशल ही वर्गवारी, या तिन्हींवर तो ठरतो. एकाच आवारातले सुरक्षा रक्षक आणि कारखान्यातले कामगार वेगवेगळ्या अनुसूचित रोजगारांत मोडू शकतात.

याहून फसवा प्रकार मसुद्याचा. किमान वेतनाच्या मूळ दरांची प्रारूप अधिसूचना हरकती मागवण्यासाठी निघते. तिच्यात आकड्यांचे तक्ते असतात, राजपत्राचा शिक्का असतो, आणि तीच पुढे पाठवली जाते. पहिल्या परिच्छेदात ‘प्रारूप’ किंवा ‘मसुदा’ हा शब्द आहे का, एवढे पाहिले तरी अर्धे गोंधळ टळतील.

प्राप्तिकराचे उलट आहे. तिथे तारीख मागे जाते. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत प्रमाणित वजावट ५०,००० वरून ७५,००० केली आणि टप्पेही बदलले, पण लागू केले १ एप्रिल २०२४ पासून. तोवर एप्रिल ते जून किंवा जुलैपर्यंतची कपात जुन्या हिशेबाने झालेली. अशा वेळी झालेल्या महिन्यांच्या पगारपत्रकाला हात लावायचा नसतो. वर्षाचा कर नव्याने काढायचा, आतापर्यंत कापलेला त्यातून वजा करायचा आणि उरलेला शिल्लक महिन्यांत विभागायचा. जे मागचे महिने ‘दुरुस्त’ करत बसतात, त्यांचे तिमाही विवरणपत्र आणि चलने जुळेनाशी होतात. आता १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम २०२५ आला आहे. पगारावरील कपातीचे कलम १९२ होते, ते ३९२ झाले. ‘करनिर्धारण वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आले. करासाठी कर्मचाऱ्यांकडून भरून घ्यायच्या घोषणापत्रांचे जुने छापील नमुने अजून टेबलाच्या खणात असतील, तर ते आजच फाडावेत.

उपाय महागडा नाही. बदलांची एक नोंदवही ठेवावी, साध्या एक्सेल शीटमध्येही चालते. अधिसूचनेचा किंवा परिपत्रकाचा क्रमांक आणि तारीख, अंमलाची तारीख, कोणाला लागू, पगाराचा कोणता घटक बदलतो, कोणत्या महिन्याच्या पगारात घेतला, कोणी भरला, कोणी तपासला. भरणारा आणि तपासणारा एकच माणूस नसावा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, एकाने प्राप्तिकर विभाग, भविष्य निर्वाह निधी संघटना, राज्य विमा महामंडळ, राज्याचा वस्तू व सेवा कर विभाग (व्यवसाय कर त्यांच्याकडे आहे) आणि राजपत्र ही स्थळे स्वतः उघडून पाहावीत. काही नवे नसले तरी ‘काही नाही’ अशी नोंद करावी. ती नसेल तर पाहिलेच नाही आणि पाहून काही आढळले नाही, यातला फरक सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही.

सॉफ्टवेअरच्या मास्टरमध्ये, म्हणजे दरांच्या मूळ तक्त्यात, जुना दर पुसून नवा लिहू नये. नव्या तारखेची नवी ओळ घालावी. जुना पुसला की मागचा महिना पुन्हा उघडताच आकडे बदलतात. आणि पुरवठादाराने अपडेट पाठवले म्हणून निर्धास्त होऊ नये. कराचे टप्पे त्याच्याकडून येतात, परिमंडळ आणि वर्गवारी मात्र आपण भरलेली असते.

अपडेटनंतर सगळ्यांचा पगार चालवण्याआधी चार-पाच काल्पनिक कर्मचाऱ्यांवर चाचणी घ्यावी. मधल्या पगाराच्या माणसावर चूक कधीच दिसत नाही, म्हणून हे सगळे काठावरचे निवडावेत. नव्या प्रणालीत वर्षाला १३ लाख पगार असलेला एक हवाच. २०२५-२६ च्या दरांनी ७५,००० वजा जाता उत्पन्न १२.२५ लाख, टप्प्यांप्रमाणे कर ६३,७५०. पण सीमांत सवलतीमुळे तो १२ लाखांवरच्या रकमेइतकाच, म्हणजे २५,०००, आणि उपकर धरून २६,०००. सॉफ्टवेअर ६६,३०० दाखवत असेल, तर सवलत बसवलेलीच नाही. दुसरा कर्मचारी राज्य विम्याचा: जुलैत पगार २०,८०० वरून २१,५०० झालेला. मर्यादा २१,००० ची असली तरी एप्रिल ते सप्टेंबर हा अंशदान काळ संपेपर्यंत कपात चालू राहते, तीही पूर्ण २१,५०० वर. त्याचे १६२ रुपये, मालकाचे ६९९. वाढ होताच कपात थांबली, तर आजारपणात त्याचा हक्क अडतो. तिसरी २५,००० पगाराची महिला, जिला महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून व्यवसाय कर नाही. चौथा फेब्रुवारीतला कर्मचारी, ज्याचा व्यवसाय कर त्या महिन्यात २०० ऐवजी ३०० असतो. कामगार कल्याण निधीची जून-डिसेंबरची कपात कर्मचाऱ्याची २५ आणि मालकाची ७५ झाली, तरी अजून १२ आणि ३६ कापणारे मास्टर आहेत.

माणसांबाबत एवढेच की राजीनामा किंवा बडतर्फीनंतरचे वेतन आता दोन कामाच्या दिवसांत द्यायचे आहे. तेव्हा पेरोल एकाच व्यक्तीच्या डोक्यात असून चालणार नाही, ती रजेवर गेली तरी दिवस मोजले जातात. तसेच कपातीच्या भरण्याचे. ३० जूनला कापलेला कर ७ जुलैऐवजी ८ जुलैला भरला तर जून आणि जुलै असे दोन महिने धरून ३ टक्के व्याज बसते. व्यवस्थापनाने पगाराची ‘कट-ऑफ’ (हजेरी बंद करण्याची) तारीख चार दिवस अलीकडे घेतली, तरी तपासणीला वेळ मिळतो.

कामगार विभागाकडे एक मागणी आहे. विशेष भत्त्याचे दर अंमलाच्या तारखेआधी, निदान त्या महिन्याच्या २० तारखेपूर्वी प्रसिद्ध व्हावेत. आणि स्कॅन केलेल्या तिरक्या पानांऐवजी रोजगार, परिमंडळ व वर्गवारीनुसार शोधता येईल अशा एकाच तक्त्यात, मागच्या दरांसह.

– वेतन व लेखा विभागांत काम करणारे काही वाचक